नावाला ओ

बायको गेली आणि महिन्याभरात सुनेनं मला ध्यानाच्या वर्गाला नेऊन बसवलं. मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये, एसी लावून, गाद्या घालून. समोर पोरगेलासा मास्तर, पांढरा झब्बा, कानाला माइक. म्हणाला, "डोळे मिटा. श्वास बघा. हा जो आत मी मी करतोय ना, तो विरघळू द्या आजोबा. दुःख आपोआप जाईल." आजूबाजूची सगळी विरघळायला लागली. एक बाई तर घोरत होती. मी डोळे उघडले, चपला शोधल्या आणि खाली येऊन टपरीवर कटिंग मारला. सून मागनं धावत आली. "बाबा, काय झालं? नाही आवडलं?" मी म्हटलं, "त्या मास्तरला सांग, मी एकदा विरघळून आलोय. विक्रोळीला, फुकटात, एसीशिवाय. आणि त्यात माझं जे नुकसान झालं ते अजून भरून निघालेलं नाही." तिला वाटलं, आई गेल्यापासून म्हातारा सटकलाय. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनावर कुणी तोंड उघडू नये.

आम्ही विक्रोळीला टेकडीच्या अंगाला चाळीत राहायचो. खाली कंपन्या, त्यांच्या पलीकडे खाडी आणि खारफुटी. ओहोटीला चिखलाचा वास थेट चुलीपर्यंत यायचा आणि आईचं वाटण त्याला हाकलून लावायचं. सगळ्या चाळीचा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की स्टोव्हला पंप मारायचा आवाज, नळावर कळशा, मग आईचा पाटा. खोबरं, धणे, सुकी मिरची. वरवंटा पुढे जाताना ती गुणगुणायची आणि मागे येताना गप्प व्हायची, त्यामुळे तिचं गाणं मला कायम अर्धंच ऐकू आलं. रात्री उकड्या तांदळाची पेज, त्यात सुका बांगडा भाजून. बांगडा एक आणि खाणारे तीन, पण आई काट्याला चिकटलेलं असं काही सोडवायची की वाटायचं अजून एक आहे. दुपारी बाबा पाळीवर आणि मी गल्लीत असलो की ती एकटी उंबऱ्यात बसायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, शांताला बसून राहायला बरं जमतं. ती नुसती बसायची नाही, हे मला फार उशिरा कळलं.

चाळीत निम्मे लोक आमच्या गावचे. गावच्या देवीची एक पितळी मूर्ती तळाच्या मोकळ्या खोलीत मांडलेली आणि दर रविवारी सकाळी, कंपनीला सुटी म्हणून, तिथं गाऱ्हाणं व्हायचं. ढोल, झांज, धूप. एकानं म्हणायचं, "बा देवा म्हाराजा, लेकरांची इडापिडा टाळ," आणि सगळ्यांनी हात जोडून, "व्हय म्हाराजा!" मग तात्याच्या अंगात वारं यायचं. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दत्ताराम. ज्याच्या अंगात देव येतो त्याला आमच्यात झाड म्हणतात. तात्या चाळीचं झाड. पोराचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचं दुखणं, सगळा कौल त्याच्या तोंडून. आणि याचे दोन नियम. एक, अंगात देव असताना त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की माणूस परत येतो आणि देव जातो. दुसरा, त्या वेळी झाड जे बोललं त्याचा जाब नंतर माणसाला विचारायचा नाही. तात्या घाम पुसत, चहाची बशी फुंकत म्हणायचा, "माका काय ठावक? मी खंय होतंय थंय?" मी कुठं होतो तिथं! या एका वाक्यावर तो माणूस आयुष्यभर राजासारखा जगला.

मी तेरा-चौदाचा असेन, एका रविवारी वारं तात्याला सोडून आईच्या अंगात आलं. बायकांच्या रांगेत मागे बसली होती. ना घुमली, ना किंचाळली. उठून उभी राहिली, पदर खांद्यावरून सुटला तरी तिला कळलं नाही, आणि असं हसली की मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिली नव्हती. पलीकडच्या खोलीतल्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रड गो, रड. इतकी वर्सां कित्या धरून ठेवलंस?" म्हातारी जी रडायला लागली ती थांबेना. सुलू, समोरच्या खोलीतली पोरगी, माझ्या कानात म्हणाली, "तुझी आई कुठंय रे? ही तुझी आई नाही." मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी बाया तात्याकडे न बघता आईकडे बघत बसल्या आणि कुणीतरी मानाचा नारळ चुकून आईच्या पुढ्यात ठेवला. चुकून म्हणतो मी. तात्यानं तो नारळ बघितला तेव्हाचा त्याचा डोळा मला आजही दिसतो.

नवं झाड आलं की परीक्षा घ्यायची असते. तळहातावर कापूर ठेवून पेटवायचा. देव असेल तर हात जळत नाही, भूत असेल तर ओरडतं. तात्यानं, म्हणजे त्याच्या अंगातल्या देवानं, परीक्षा मागितली. आई उभी होती, हात पुढे, तळव्यावर कापराची ज्योत, तोंडावर तेच हसू. ज्योत निम्मी झाली तरी तिला पत्ता नाही. लोक "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" करायला लागले. आणि तात्या ओरडला, "शांता!"

देव अंगात असताना नाव घेतलं. त्यानं. झाडानं. आईच्या कानावर थोरल्या भावजींचा आवाज पडला आणि इतक्या वर्षांची सवय, तिचा हात डोक्यावरचा पदर सारखा करायला वर गेला. तोच हात. तोंडातून "ओ, भावजी" निघालं आणि मग ती भाजली. चारचौघांत विस्तव टाकायचा कसा, म्हणून तिनं मूठ मिटली. मूठ मिटली हो, कापरासकट! मी तो वास सांगणार नाही. तात्या लोकांना म्हणाला, "देव भावजीक बघून पदर घेता काय? ह्या भूत आसा." मग वेताची छडी आली, मिरच्यांची धुरी आली. बाबा कोपऱ्यात हात जोडून उभे होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही व्हय म्हाराजा म्हटलं. बाबांना मी सोडून दिलं, ते लवकर गेले. तात्या लवकर गेला नाही.

संध्याकाळी मी तात्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्या आयेचा हात जाळलंस तू." तो जेवत होता. कोंबडीवडे, रविवार ना. वडा रश्शात बुडवत म्हणाला, "मी? मी खंय होतंय थंय, झिला? देवाक विचार."

त्यानंतर आईचा पाटा मुका झाला. उजव्या तळहाताची कातडी आखडली, बोटं पुरती उघडेनात, वरवंटा धरताना मनगटानं ढकलायची. पण गाणं काही हातात नव्हतं, ते का जावं? उंबऱ्यात बसायची तेव्हा आता नुसतीच बसायची. मी सातवीतून उठलो, कंपनीत कॅन्टीनला लागलो, भांडी घासली, मिसरूड फुटलं, आणि या सगळ्यात माझं खरं काम एकच चालू होतं, तात्याला बघणं. तो जेवताना, नळावर, देवासमोर. मला त्याला मारायचं नव्हतं. मारणं सोपं, टेकडीवरून ढकलला असता. मला त्याची ओ हवी होती. आईनं दिली तशी, सगळ्या चाळीसमोर. त्याच्या अंगात देव घुमत असताना कुणीतरी "दत्तू!" म्हणून हाक मारायची, आणि तो आतच बसलेला आहे, कायम आतच बसलेला होता, हे लोकांनी आपल्या कानांनी ऐकायचं. पण झाडाला नावानं हाक मारेल त्याला लोक फाडून खातील. देवाला फक्त देव विचारू शकतो. म्हणजे मला देव व्हायला हवं होतं.

मी देव व्हायची तालीम केली. खाडीच्या कडेला, खारफुटीत, चिखलात उभा राहून. तात्याचं सगळं पाठ होतं. आधी उजवा गुडघा, मग खांदा, मग नाकातून श्वास, मग मान. बगळे उडून जायचे. एकदा सुलूनं पकडलं. ती भाजीची शेवळं तोडायला टेकडीवर जायच्याऐवजी माझ्या मागनं आली होती. "काय रे, मिरगी आली का तुला?" म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मान जास्त हलवतोस. कोंबडा वाटतोस. तुझी आई हलत पण नव्हती." मग म्हणाली, "मी पुढं बसते. तात्याचं तोंड कसं होतं ते नीट बघून ठेवते. तुला घुमायच्या नादात दिसलं नाही तर?" मी म्हटलं, "मला दिसणार नाही? अगं, त्यासाठीच तर करतोय!"

तो रविवार. मी उपाशी होतो, कारण देव उपाशी येतो असा समज. शेजारी कुणाच्या तरी घरी कांदा परतत होते आणि माझ्या पोटात खड्डा. आई बायकांच्या रांगेत अगदी मागे, पदर घट्ट. सुलू पुढं, मांडी घालून, डोळे ताणून. ढोल सुरू झाला. तात्या घुमायला लागला, चांगला रंगात आला, आणि मी गुडघा हलवायला घेतला. खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मीच हलवला. मग खांदा. मग श्वास. मनात एकच घोकत होतो, दत्तू, दत्तू, दत्तू. मग असं झालं की गुडघा माझ्या आधी हलायला लागला. मी म्हटलं, थांब, अजून नाही. तो थांबेना. ढोल बाहेर वाजत होता तो बाहेर राहिला नाही, आणि आत कुठं आला तर आतही सापडेना. कांद्याचा वास होता, कुणाचं पोर रडत होतं, कुठून तरी ऊन येत होतं. सगळं होतं, पण ते ज्याला होत होतं तो नव्हता. राग होता, एवढा मोठा जपून ठेवलेला राग. तो पण होता, पण कुणाचा ते राहिलं नव्हतं. नळावर कुणाची तरी कळशी राहून जाते ना, तसा. 'मला वाटलं' असं लिहायला लागलो तरी चुकतंय. वाटायला कोणी नव्हतं. आणि त्यापुढचं काहीच नाही. काळोखही नाही. काळोख बघायला पण माणूस लागतो.

परत आलो तो हाकेनं. "गोपू. गोपाळा. ए झिला." गालावर काहीतरी खरखरीत. आईचा उजवा हात, आखडलेला. मला वर गॅलरीत आणून टाकलं होतं, शर्ट भिजलेला, ओठाला पाणी लावलेलं. खाली तळाच्या खोलीतून गलका येत होता. मी विचारलं, "काय झालं?" सुलू पुढं आली, डोळे हे एवढे. "तू केलंस! तू हाक मारलीस, दत्तू म्हणून. आवाज तुझा नव्हता. आणि तात्या 'ओ गे आये' म्हणाला! लहान पोरासारखा! मग खालीच बसला, टॉवेल तोंडावर घेऊन. सगळे बघत राहिले. ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली." लोक बोलत होते ते पण हेच. तात्याच्या आईला जाऊन वर्षं झाली होती, त्याला दत्तू म्हणणारी तेवढीच एक होती. बाईनं पोराला जेवायला बोलवावं तशी हाक, म्हणे, माझ्या तोंडून गेली. आणि त्यानं ओ दिली.

म्हणजे झालं. मी मागितलं तस्सं. आणि मी हजर नव्हतो.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं निदान ती तरी खूश होईल. ती माझ्याकडे बघत होती ते कसं, तर सुखानं जेवून आलेल्याकडे उपाशी माणूस बघतो तसं. हळूच म्हणाली, "खंय गेल्लंस रे?" म्हटलं, "ठावक नाय." ती म्हणाली, "व्हय. थंयच." मग आपला तळहात उलटा केला, सरळ केला आणि म्हणाली, "तुका गावला. माझा माका परत गावला नाय." तेव्हा मला कळलं तात्यानं काय जाळलं ते. नारळाचा मान नाही, हात नाही. वाटण, कळशी, पाळी, व्हय म्हाराजा या सगळ्यातून बाई आठवड्यातून एकदा जिथं जाऊन कुणीच नसायची, ती जागा. पूर्वी दुपारी उंबऱ्यात बसून ती तिकडचाच रस्ता शोधत असायची. पण नाव कानावर पडेल या धास्तीनं तिला पुन्हा कधी जाताच आलं नाही. आणि देवानं मला, ज्याला नको होतं त्याला, उचलून तिथं नेलं. ते पण नेमकं कधी, तर सूड घेताना. चोरच आहे तो.

दुसऱ्या दिवशी नळावर तात्या मशेरी लावत उभा. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो, त्याची मान खाली गेलेली बघायला. एवढं तरी माझं होतं. त्यानं पिचकारी टाकली आणि विचारलं, "काय रे, काल काय केलंस ता?" माझ्या तोंडावर आलं होतं, हो, मी केलं, आयेच्या हातासाठी केलं. आणि बोलता येईना. कारण मी केलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघालं, "मी खंय होतंय थंय?" आणि ते खरं होतं! तात्या मशेरीच्या तोंडानं हसला. "मगे? माका मेल्यानू इतकी वर्सां काय विचारतास?" कळशी उचलून चालायला लागला. आता सांगा. हा माणूस खोटा होता, हे सगळ्या चाळीनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या अंगात कधी काही आलं नाही, नारळ दुसऱ्याकडे गेला. पण जाता जाता माझ्याच तोंडात स्वतःचं वाक्य कोंबून गेला. लोक म्हणतात एवढं झाल्यावर तरी माफ करायचं होतंस. का? तो मेला तेव्हा मी खांदा दिला नाही. सुतकात मी बाजारातून बांगडे आणले. सुलू तोवर माझी बायको झालेली, म्हणाली, "मी चुलीला हात लावणार नाही. तुझा राग, तूच शिजव." मीच बांगड्याचं तिखलं केलं, दार उघडं टाकून खाल्लं, काटे चोखून. चांगलं झालं होतं.

सुलूशी माझं लग्न झालं ते खरं सांगायचं तर साक्षीसाठी. लोक दिसण्यावर करतात, मी त्यासाठी केलं. माझा सूड तिच्या डोळ्यांत होता. चारचौघांत ती मला अहो म्हणायची, घरात अरे. भाकरी थापत असली की मी पाट ओढून बसायचो. "सांग ना, तोंड कसं झालं होतं त्याचं?" आणि ती सांगायची. कधी म्हणायची राखेसारखं झालं होतं, कधी म्हणायची ओठ लोंबत होते, कधी डोळ्यांतून पाणी. पोरं झाली, नाहूरला घर घेतलं, पोरांची लग्नं झाली, तरी माझं चालूच. कंटाळली नाही कधी. दर वेळी एखादी नवी गोष्ट घालायची आणि मी ती चघळत कामावर जायचो. तात्याचा चेहरा मी असा तिच्याकडून आयुष्यभर जेवलो.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलायचा दम लागायचा. मी उशाशी. आम्ही काही गोड बोलणारी माणसं नाही. म्हणून सवयीनं विचारलं, "सुले, तात्याचं तोंड कसं झालं होतं गं?" तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मला काय माहीत."

"म्हणजे?"

"मी बघितलंच नाही रे. मी तुझ्याकडे बघत होते."

मी म्हटलं, "आणि इतकी वर्षं सांगितलंस ते?"

"तू विचारायचास ना पाट घेऊन. भाकरी होईपर्यंत बसायचास." दम घेतला. "तुझं तोंड सांगू? सगळ्या घराची दारं उघडी आणि आत कोणी नाही, असं होतं. पण चोरी होईल अशी भीती नव्हती वाटत. मला वाटलं, या घरात जाऊन राहावं."

मला असा राग आला तिचा. मरणाच्या दारातल्या बाईचा राग आला, लिहून ठेवतो. आयुष्यभर शिळंपाकं ताजं म्हणून वाढलं हिनं. मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसलो. थोड्या वेळानं नर्स आत आली आणि पळत डॉक्टरला बोलवायला गेली. मी वळलो. तिचं तोंड अगदी ती म्हणाली तसं होतं, दारं उघडी. मी ओरडलो, "सुलू!" वॉर्डातले सगळे जागे झाले. "सुलोचना! ए सुले!" आयुष्यात माझ्या हाकेला तिनं ओ दिली नाही असं झालं नव्हतं, भांडणातसुद्धा द्यायची. नाव घेतलं की माणूस परत येतो, असं आमच्यात म्हणतात. मी घेत राहिलो. मुलगा येऊन मला धरून बाहेर नेईपर्यंत घेत राहिलो.

तर तो मास्तर म्हणतो, मी विरघळू द्या. मी विरघळलो की तात्याला शिव्या कोण देणार? आईचा हात कुणाला आठवणार? आणि रोज संध्याकाळी भाकरीच्या वेळेला, सून स्वयंपाकघरात असताना, पाट ओढून त्या मोकळ्या जागेकडे बघून "सुले" म्हणून हाक कोण मारणार? पुढच्या आठवड्यात सून पुन्हा न्यायला आली होती. तिला म्हटलं, मी नाही येत. मी इथं आहे.